सव्वीस तासांचा प्रश्न

मीरा-भाईंदर २००२ साली महानगरपालिका झाली आणि २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या आठ लाखांच्या पुढे गेली. शासनाच्या दप्तरी तेथे ग्रामीण असे फारसे काही उरलेले नाही. परंतु भाईंदर पश्चिमेहून मुर्धे, राई, मोर्वा ही गावे मागे टाकीत उत्तनला पोहोचणाऱ्यास वाळत घातलेल्या बोंबलांचा वास येतो, आणि आपण गावात आलो हे कोणी सांगावे लागत नाही. पुरुष होडीवर, बाई पहाटे पाटी घेऊन बाजाराला, मूल आजीच्या स्वाधीन, ही तेथील कित्येक घरांची घडी आहे. अशा घरातील मूल वाजवीपेक्षा जाड होऊ लागले, तर त्याकडे पाहायचे कोणी आणि कधी?

मुळात ते पाहायचे असते हेच आपल्याला पटलेले नाही. गुटगुटीत बालकांच्या स्पर्धा भरवून बक्षिसे वाटणारा हा महाराष्ट्र आहे. जाड मुलाला आपण खात्यापित्या घरचे म्हणतो, आणि कोणी त्याच्या वजनाचा विषय काढलाच तर आजी मुलाची दृष्ट काढते. तिचेही चुकते असे नाही. तिच्या पिढीने उपासमार पाहिली आहे, आणि कुपोषण आजही गेलेले नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. मात्र त्याच पाहणीत अतिवजनाच्या मुलांचे प्रमाण आधीच्या पाहणीतील १.९ टक्क्यांवरून ४.१ टक्क्यांवर गेले. आकडा लहान आहे, पण दोन पाहण्यांच्या दरम्यान तो दुपटीहून वाढला.

हे दोन आकडे परस्परविरोधी नाहीत, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिले. पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बालके सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. परंतु आपल्या बालकांत स्नायू कमी आणि चरबी त्या मानाने टिकून राहिलेली, असे त्यांच्या २००३ च्या अभ्यासात आढळले. दिसायला किडकिडीत असणारे मूलही पुढे मधुमेहाच्या वाटेला लागू शकते. मग अशा शरीरावर वेफर्सच्या पुड्या आणि शीतपेये यांची भर पडल्यास काय होईल, हे वेगळे सांगायला नको.

यावर औषधाची गोळी हा सर्वसाधारण उपाय नाही. मुलाला उपाशी ठेवणे हा तर मुळीच नाही, कारण त्याची उंची वाढायची असते; पुष्कळदा वजन आहे तेथे रोखून धरले तरी काम होते. बदलावे लागते ते घराचे खाणे, झोपणे आणि खेळणे. अमेरिकेच्या प्रतिबंधक आरोग्यसेवाविषयक तज्ज्ञ कृतिदलाने २०१७ मध्ये, आणि पुन्हा २०२४ मध्ये, सांगितले की अशा मुलाला व त्याच्या कुटुंबाला वर्षभरात निदान सव्वीस तासांचे मार्गदर्शन मिळाले तरच फरक पडतो. सव्वीस तास! आपल्या बाह्यरुग्ण विभागात एका रुग्णाच्या वाट्याला काही मिनिटे येतात. शिवाय प्रत्येक खेपेस बसचा प्रवास, रांग आणि बुडालेला बाजार. ही किंमत कोळीण एकदा मोजील, दोनदा मोजील. तिसऱ्यांदा ती येणार नाही, आणि तिला बेफिकीर म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही.

दूरस्थ वैद्यकीय सल्ल्याचे खरे प्रयोजन येथे आहे. मार्च २०२० मध्ये केंद्र शासनाने अशा सल्ल्यास नियमांची चौकट दिली, आणि ‘ई-संजीवनी’वर आजवर तीस कोटींहून अधिक सल्ले दिले गेले. हे काम थोर आहे. पण त्याची घडण ताप-खोकल्याच्या रुग्णासाठी झाली आहे : फोन लावावा, जो डॉक्टर मिळेल त्याला लक्षणे सांगावीत, चिठ्ठी घ्यावी. स्थूलतेला एकच माणूस पुन्हा पुन्हा भेटावा लागतो, ज्याला मागच्या पंधरवड्यात काय ठरले होते हे आठवते. तो डॉक्टरच असला पाहिजे असेही नाही. शिकलेली आहारतज्ज्ञ पुरे. दवाखान्यात आई एकटी येते, फोनसमोर मात्र आजीही बसू शकते, आणि मुलाच्या हाती पाच रुपये ठेवणारी बहुधा तीच असते. आजीला बाजूला ठेवून दिलेला सल्ला फुकट जातो.

वजन-उंची फोनवर मोजता येत नाही, ही अडचण खरी. सहा वर्षांपर्यंत अंगणवाडीत नोंद होते. पुढे शाळा आहेत, आणि शालेय तपासणीची पथकेही आहेत. हा राष्ट्रीय कार्यक्रम २०१३ मध्ये याच जुन्या ठाणे जिल्ह्यातल्या पालघरला सुरू झाला. वर्षातून एकदा होणाऱ्या या तपासणीऐवजी शिक्षकाने महिन्यातून एकदा मुलाला काट्यावर उभे करून आकडा कळवला, तर खर्च तो कितीसा? फक्त वर्गासमोर नव्हे, बाजूला नेऊन. जाड मुलाची थट्टा हाही आजाराचाच भाग आहे. ज्या फोनने मुलाला मैदानावरून उठवून घरात बसवले, त्याच फोनवर हा सल्ला यावा, यातील विसंगतीही नजरेआड करू नये. तो फोन सल्ल्यानंतर आईच्याच हाती राहिला पाहिजे.

राहता राहिली वेळ. सरकारी बाह्यरुग्ण विभाग बहुधा सकाळी चालतो. उत्तनची बाई बाजार उरकून, चूल पेटवून मोकळी होते ती संध्याकाळी सातनंतर.