वॉटर पोलो : आधी पाय शिकवा
20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी महाडला पाण्यावरचा आपला हक्क बजावला. पालिकेचा तरण तलावही त्याच हक्कातला आहे. मुलांना पाठवा, मुलींनाही पाठवा.

वॉटर पोलोत गोलरक्षकासह 7 जणांचा संघ असतो. गोलरक्षक सोडून बाकीचे चेंडू एकाच हाताने धरतात. तळाला पाय टेकायचा नसतो. म्हणून पहिला धडा पायांचा. खुर्चीच्या कडेवर बसा, गुडघे फाकवा. एकदा उजवं, एकदा डावं पाऊल बाहेर नेऊन आत गोल वळवा. पाण्यात हेच जमलं की तोंड वर राहतं, हात मोकळे होतात. बुडण्यापासून वाचवणारी कलाही हीच. चेंडू नंतर.

फिट येत असेल, कान वाहत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. सराव जीवरक्षक असलेल्या तलावातच. विहिरीत, खाणीत नको.

जय भीम.