आठवड्याचें हवामान आणि सांगोल्याची पेरणी

मृग नक्षत्र लागलें कीं सोलापूर जिल्ह्यांतील सांगोल्याचे डोळे पश्चिमेकडे लागतात. हें तालुक्याचें गांव सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंत आहे. अरबी समुद्रावरून येणारे वारे घाटमाथ्यावर आपला बराचसा ओलावा सांडतात. पलीकडे उतरतांना ती हवा तापते व कोरडी होते. म्हणून येथील शेतकऱ्यास आठवड्याचा अंदाज म्हणजे बियाण्याच्या पैशाचा प्रश्न होय.

अंदाजांतील शब्दांना ठराविक अर्थ असतो. ‘तुरळक ठिकाणीं पाऊस’ म्हणजे विभागांतील फार तर २५ टक्के केंद्रांवर पाऊस. ‘कांहीं ठिकाणीं’ म्हणजे २६ ते ५० टक्के. शिवाय २४ तासांत निदान २.५ मिलिमीटर पाणी मोजलें गेलें तरच तो पावसाचा दिवस गणला जातो. तेव्हां विभागाचा अंदाज खरा ठरूनही सांगोल्याचें शिवार कोरडें राहूं शकतें.

पहिल्या दोन-तीन दिवसांच्या अंदाजावर जितकें विसंबतां येतें, तितकें सातव्या दिवसाच्या अंदाजावर येत नाहीं. कारण आजच्या निरीक्षणांतील लहानशी चूक गणितांत दिवसागणिक वाढत जाते.

पहिल्या सरीनंतर घाईनें पेरलें आणि मग पावसानें ओढ दिली, तर कोंब करपतात व दुबार पेरणी कपाळीं येते. म्हणून ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन वाफसा आल्याखेरीज चाड्यावर मूठ धरूं नये, असें कृषितज्ज्ञ सांगतात. आशा आकाशाकडे पाहून करावी. पेरणीचा निश्चय मात्र मातीची ओल पाहूनच करावा.