जुनी पिकअप घेताय? आधी घाट चढवून बघा

फोंडाघाट : इथून कोल्हापूरकडे आंबा, काजू न्यायचा तर घाट चढावाच लागतो. त्यामुळे बाजारपेठेत एक फेरी मारून जुनी पिकअप पसंत करू नका.

इंजिन : गाडी आधीच गरम करून ठेवू नका, असं मालकाला सांगा. थंड इंजिन लगेच सुरू व्हायला हवं. चालू इंजिनचं ऑइलचं झाकण उघडल्यावर जोरात धूर आला, तर इंजिनकाम आलंच.

ब्रेक-क्लच : ब्रेक आधी सपाटीवर तपासा. गाडी एका बाजूला ओढत असेल तर घाटात नेऊच नका. ब्रेक ठीक असेल तर थोडा माल भरून चढावर घ्या. इंजिन ओरडतंय पण गाडी ओढत नाही, म्हणजे क्लचप्लेट गेली.

चेसिस : मासे वाहिलेल्या गाडीखाली वाकून बघाच. खारं पाणी गळून चेसिस आणि हौदा गंजतो. वरून मारलेल्या नव्या रंगाला भुलू नका.

कागद : एम-परिवहन ॲपवर फिटनेस, विमा आणि कर्जाचा बोजा बघा. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस लागतो. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ घ्या. गोव्याची गाडी असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी हवी. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

विकणाऱ्यानेही गाडी लगेच नावावरून उतरवावी. आरटीओत ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईला तोच जबाबदार, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे.