अमेरिकेत 'बोर्ड सर्टिफाइड' श्रवणयंत्र तज्ज्ञ कसं होतात? आणि यंत्र घेताना ती अक्षरं का बघायची?

श्रवणयंत्र घ्यायचं ठरलं की बहुतेक घरांत चर्चा होते ती यंत्राची. कुठल्या कंपनीचं, किती चॅनेलचं, ब्लूटूथ आहे का, बॅटरी किती दिवस जाते आणि अर्थातच किंमत किती. ते यंत्र कानाला बसवून देणारा माणूस कोण, तो काय शिकलाय, हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही.

मग काही आठवड्यांनी तक्रारी सुरू होतात. "आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत." "भांड्यांचा आवाज डोक्यात जातो." "सारखी शिट्टी वाजते." शेवटी हजारो रुपये मोजून आणलेलं यंत्र डबीत जातं आणि घरच्यांना वाटतं, यंत्रच फालतू निघालं.

यातल्या बऱ्याच तक्रारी यंत्र त्या कानासाठी नीट जुळवलं न गेल्यामुळे येतात. म्हणजे यंत्राइतकाच प्रश्न ते बसवणाऱ्याच्या कौशल्याचा असतो. अमेरिकेत या कामासाठी वेगळा परवाना लागतो आणि परवान्याच्या वर आणखी एक ऐच्छिक पायरी आहे, ती म्हणजे बोर्ड सर्टिफिकेशन. मुलांकडे अमेरिकेला किंवा कॅनडाला गेलेल्या मराठी आई-वडिलांना तिथल्या तज्ज्ञाच्या नावापुढे 'बीसी-एचआयएस' अशी अक्षरं दिसू शकतात, ती याचीच.

ही अक्षरं काय सांगतात, काय सांगत नाहीत आणि आपल्याकडे त्यांच्या जागी काय आहे? समजून घेऊ.

कानाचे तीन 'तज्ज्ञ', तिघांची कामं वेगळी

पहिला ईएनटी डॉक्टर. कानाचे आजार, संसर्ग, पडद्याचं छिद्र, शस्त्रक्रिया हे त्याचं क्षेत्र.

दुसरा ऑडिओलॉजिस्ट. ऐकू येण्याची सखोल तपासणी, लहान मुलांची चाचणी, तोल जाण्याच्या तक्रारी, कॉक्लियर इम्प्लांटनंतरची जुळवणी आणि श्रवणयंत्र बसवणं, अशी त्याची कामं असतात. अमेरिकेत आज ऑडिओलॉजिस्ट व्हायचं तर पदवीनंतर साधारण चार वर्षांची 'एयूडी' ही डॉक्टरेट करावी लागते.

तिसरा श्रवणयंत्र तज्ज्ञ. अमेरिकेत त्याला 'हिअरिंग एड स्पेशालिस्ट' किंवा 'हिअरिंग इन्स्ट्रुमेंट स्पेशालिस्ट' म्हणतात. यंत्र निवडण्यासाठी लागणारी चाचणी करणं, कानाचं माप घेणं, यंत्र निवडणं, बसवणं, जुळवणं आणि नंतरची देखभाल एवढ्यापुरतं त्याचं काम मर्यादित असतं. आजाराचं निदान तो करत नाही.

बोर्ड सर्टिफिकेशनची ही गोष्ट या तिसऱ्या माणसाची आहे.

आधी परवाना, मग बाकी सगळं

अमेरिकेत हा परवाना केंद्र सरकार देत नाही, राज्य देतं. त्यामुळे नियम राज्यागणिक बदलतात. अनेक राज्यांत वयाची १८ वर्षं आणि शालेय शिक्षण पूर्ण असणं एवढीच किमान शैक्षणिक अट आहे. काही राज्यं त्याहून जास्त शिक्षण मागतात.

पण शिक्षणाची अट कमी असली तरी थेट दुकान थाटता येत नाही. आधी परवानाधारकाच्या देखरेखीखाली काम शिकावं लागतं. उदाहरणार्थ, टेक्सासमध्ये आधी प्रशिक्षणाचं तात्पुरतं परमिट, नंतर परीक्षा, मग अप्रेंटिस म्हणून काम आणि त्यानंतर पूर्ण परवाना असा टप्प्याटप्प्याचा रस्ता आहे. कॅलिफोर्नियात लेखी परीक्षेबरोबर प्रात्यक्षिक परीक्षाही द्यावी लागते.

हा परवाना म्हणजे किमान पातळी. गाडी चालवण्याच्या लायसन्ससारखं. ते नसेल तर गाडी चालवताच येत नाही, पण ते आहे म्हणून चालक तरबेज आहे असंही नाही.

बोर्ड सर्टिफिकेशन म्हणजे काय?

परवाना मिळाल्यावर काही वर्षं काम केलेल्यांसाठी 'नॅशनल बोर्ड फॉर सर्टिफिकेशन इन हिअरिंग इन्स्ट्रुमेंट सायन्सेस' ही संस्था आहे. १९८१ मध्ये ती सुरू झाली. ती सरकारी नाही, स्वतंत्र आणि ना-नफा तत्त्वावर चालते. तिचं प्रमाणपत्र मिळालं की नावापुढे 'बीसी-एचआयएस' लावता येतं.

त्यासाठीचा रस्ता साधारण असा:

१. उमेदवाराकडे राज्याचा चालू परवाना हवा. कॅनडात प्रांताची नोंदणी चालते.

२. किमान दोन वर्षं प्रत्यक्ष श्रवणयंत्रं बसवण्याचा अनुभव हवा. नुकतं शिकून आलेल्याला ही परीक्षा देता येत नाही.

३. 'नॅशनल कॉम्पिटन्सी एक्झामिनेशन' ही परीक्षा पास व्हावी लागते. रुग्णाची माहिती घेण्यापासून यंत्र बसवून झाल्यानंतरच्या पाठपुराव्यापर्यंत, रोजच्या कामातलं ज्ञान इथे तपासलं जातं.

४. प्रमाणपत्र एकदा मिळालं म्हणजे आयुष्यभराची सोय झाली, असं नाही. ठरावीक काळाने नूतनीकरण करावं लागतं आणि त्यासाठी शिकत राहिल्याचा पुरावा द्यावा लागतो. श्रवणयंत्रांचं तंत्रज्ञान काही वर्षांतच बदलतं, त्यामुळे ही अट महत्त्वाची आहे.

हे सर्टिफिकेशन सक्तीचं नाही. ते नसलेला परवानाधारक कायदेशीरपणे काम करतो आणि चांगलंही करू शकतो. ज्याने ते घेतलंय, त्याने अनुभवानंतर स्वतःहून आणखी एक परीक्षा दिली आहे, एवढं मात्र त्यातून नक्की कळतं.

'बोर्ड' या शब्दाने फसू नका

अमेरिकेत 'बोर्ड सर्टिफाइड' हे शब्द डॉक्टरांच्या बाबतीत फार ऐकू येतात. तिथे त्यांचा अर्थ वैद्यकीय पदवी, रेसिडेन्सी आणि त्यावरची विशेष परीक्षा असा असतो. श्रवणयंत्र तज्ज्ञाच्या नावापुढचं 'बोर्ड सर्टिफाइड' वेगळं आहे. तो डॉक्टर नाही आणि बहुतेक वेळा ऑडिओलॉजिस्टही नाही. त्याच्या मर्यादित कामातली त्याची क्षमता बोर्डाने तपासली आहे, इतकाच त्याचा अर्थ.

हा फरक लक्षात ठेवायला हवा, कारण काही लक्षणं दिसली तर यंत्र बसवण्याआधी डॉक्टरकडे जाणं गरजेचं असतं. कानातून पू, पाणी किंवा रक्त येणं, कान दुखणं, चक्कर येणं, अचानक ऐकू येईनासं होणं, एकाच कानाची क्षमता अलीकडे कमी होणं, कानात मळ घट्ट बसणं किंवा काही अडकणं ही त्यातली मुख्य. चांगल्या तज्ज्ञाची खूण अशी की, अशा वेळी तो यंत्र विकत नाही, डॉक्टरकडे पाठवतो. अचानक ऐकू येणं बंद झालं तर उपचारासाठी सुरुवातीचे दिवसच मोलाचे असतात. ते दुकानांच्या फेऱ्यांत घालवणं महागात पडू शकतं.

यंत्र बसवण्यात एवढं काय अवघड आहे?

चष्म्याचा नंबर काढला, भिंग बसवलं की स्पष्ट दिसायला लागतं. श्रवणयंत्राचं तसं होत नाही.

वयोमानाने ऐकू येणं कमी होतं तेव्हा सगळे आवाज सारखे कमी होत नाहीत. आधी बारीक, तीव्र पट्टीचे आवाज जातात. स, श, फ, थ ही व्यंजनं याच भागात येतात. म्हणून आजोबांना कुणीतरी बोलतंय हे कळतं, पण दुकानदार 'साठ' म्हणाला की 'आठ' हे कळत नाही. अशा माणसाशी नुसतं मोठ्याने बोलून फारसा उपयोग होत नाही.

तपासणीत साधारण २५० ते ८००० हर्ट्झपर्यंतच्या वेगवेगळ्या पट्ट्यांवर किती मोठा आवाज लागतो हे मोजतात. त्याचा आलेख म्हणजे ऑडिओग्राम. प्रचलित वर्गवारीत २५ डेसिबलपर्यंत ऐकणं सामान्य धरतात, २६ ते ४० म्हणजे सौम्य आणि ४१ ते ५५ म्हणजे मध्यम दोष. यंत्राने प्रत्येक पट्टी वेगवेगळ्या प्रमाणात वाढवायची असते. हळू आवाज जास्त आणि मोठा आवाज कमी वाढवायचा असतो, कारण कमी ऐकू येणाऱ्या अनेकांना मोठा आवाज मात्र लगेच असह्य होतो. भांड्यांची तक्रार इथूनच येते.

यंत्र संगणकाला जोडून ऑडिओग्राम भरला की कंपनीचं सॉफ्टवेअर एक अंदाजे जुळवणी करून देतं. अनेक ठिकाणी काम इथेच थांबतं. पण प्रत्येकाची कानाची नळी लांबी-रुंदीला वेगळी असते, त्यामुळे पडद्यापर्यंत पोचणारा आवाज त्या अंदाजापेक्षा बराच वेगळा असू शकतो.

तो प्रत्यक्ष मोजण्याच्या पद्धतीला 'रिअल इअर मेजरमेंट' म्हणतात. यंत्राबरोबर एक बारीक, मऊ नळी कानात पडद्याच्या जवळ ठेवतात, बोलण्याचा आवाज वाजवतात आणि स्क्रीनवर बघतात की कानात नेमका किती आवाज पोचतोय. तो ऑस्ट्रेलियातल्या 'एनएएल' किंवा कॅनडातल्या 'डीएसएल' या सूत्रांनी ठरवलेल्या लक्ष्याशी जुळेपर्यंत फेरफार करतात. कुठे कमी आहे, कुठे जास्त आहे हे डोळ्यांना दिसतं, त्यामुळे अंदाजाने चाचपडावं लागत नाही.

आता यंत्र थेट दुकानात मिळतं, मग तज्ज्ञ कशाला?

१७ ऑक्टोबर २०२२ पासून अमेरिकेत १८ वर्षांवरच्या व्यक्तींना सौम्य ते मध्यम दोषासाठी 'ओव्हर द काउंटर' श्रवणयंत्रं चाचणी किंवा चिठ्ठीशिवाय विकत घेता येतात. सप्टेंबर २०२४ मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने ॲपलच्या एअरपॉड्स प्रो २ मधल्या श्रवणयंत्राच्या सॉफ्टवेअरलाही मंजुरी दिली.

यामागचं कारण किंमत आहे. ज्येष्ठांसाठीची मूळ मेडिकेअर योजना श्रवणयंत्राचा खर्च देत नाही, त्यामुळे अनेक जण यंत्राविनाच राहत होते. सौम्य दोष असलेल्यांना स्वस्त पर्याय मिळाला ही चांगलीच गोष्ट आहे. पण लहान मुलं आणि तीव्र दोष असलेली माणसं या सोयीत बसत नाहीत. स्वतः जुळवून जमलं नाही अशांनाही शेवटी तज्ज्ञाकडेच जावं लागतं.

महाराष्ट्रात काय बघायचं?

आपल्याकडे 'बीसी-एचआयएस' नाही, आणि त्यासाठी अमेरिकेतला किंवा कॅनडातला परवाना लागत असल्याने इथे बसून ते मिळवताही येत नाही. आपली व्यवस्था वेगळी आहे आणि कागदावर ती काही बाबतींत जास्त कडक आहे.

भारतीय पुनर्वास परिषद म्हणजे आरसीआय. १९९२ च्या कायद्यानुसार ऑडिओलॉजिस्ट आणि वाचा उपचार तज्ज्ञांची नोंदणी तिच्याकडे होते. श्रवणयंत्र आणि इअर मोल्ड तंत्रज्ञ हा वर्गही तिच्या कक्षेत येतो. मान्यताप्राप्त शिक्षण आणि नोंदणी नसताना हा व्यवसाय करणाऱ्याला मूळ कायद्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. इथली मुख्य पदवी बीएएसएलपी. इंटर्नशिप धरून ती चार वर्षांची असते. मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून या क्षेत्रात आहे, आणि नायर रुग्णालयातही हे शिक्षण मिळतं.

म्हणजे अमेरिकेत शालेय शिक्षणानंतर परवाना मिळू शकतो आणि वरची परीक्षा ऐच्छिक असते. आपल्याकडे दारातच पदवी किंवा पदविका मागितली जाते. अडचण अशी आहे की, यंत्र मात्र ऑनलाइन आणि चष्म्याच्या दुकानातही विकत मिळतं, आणि काउंटरपलीकडच्या व्यक्तीची नोंदणी आहे का, हे गिऱ्हाईक विचारत नाही.

हे विचारायला अजिबात संकोच करू नका. आई-बाबांसाठी यंत्र घेताना हे पाच प्रश्न पुरेसे आहेत:

१. तपासणी आणि फिटिंग कोण करणार? त्यांचा आरसीआय नोंदणी क्रमांक काय? हा क्रमांक परिषदेच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. अमेरिकेत असाल तर राज्याचा परवाना क्रमांक विचारा. 'बीसी-एचआयएस' असेल तर उत्तमच.

२. तपासणी आवाजबंद खोलीत होणार का, आणि ऑडिओग्रामची प्रत आम्हाला मिळेल का? ती प्रत हातात असेल तर दुसरीकडे सल्ला घेता येतो.

३. रिअल इअर मेजरमेंट करता का?

४. घरी वापरून बघायला किती दिवस मिळतील, आणि नाही जमलं तर पैसे परत मिळतील का?

५. पुन्हा जुळवून घ्यायला किती वेळा येता येईल, आणि त्याचे पैसे किंमतीत धरलेत का?

पाचवा प्रश्न किरकोळ वाटतो, पण तोच सगळ्यात जास्त कामी येतो. बरीच वर्षं कमी ऐकलेल्या मेंदूला नव्या आवाजांची सवय व्हायला काही आठवडे लागतात, आणि त्या काळात दोन-तीनदा तरी फेरफार करावे लागतात. नावापुढची अक्षरं योग्य माणूस निवडायला मदत करतात. त्याने फिटिंगच्या दिवशी आणि नंतर किती वेळ दिला, हे मात्र आपणच बघायचं असतं. त्यामुळे पहिल्या महिन्यात यंत्र त्रास देत असेल तर ते डबीत ठेवण्याआधी एकदा तज्ज्ञाची वेळ घ्या आणि कुठला आवाज खुपतो, कुठला शब्द कळत नाही, याची यादी सोबत न्या.