कमरेचा दोर

पावसाळ्याच्या तोंडावर शहरांत फांद्यांची छाटणी सुरू झाली की झाडावरच्या कामगाराच्या कमरेला कधी कधी पट्टा दिसतो. तो बहुधा बांधकामावरचा असतो. त्या पट्ट्याचा ठरावीक लांबीचा दोर पडणाऱ्या माणसाला झेलण्यासाठी केलेला असतो. झाडावरच्या कमरेच्या दोराचं, म्हणजे लॅनयार्डचं, काम वेगळं. बुंध्याला वेढा घालून त्यानं माणसाचं वजन पेलायचं, म्हणजे दोन्ही हात करवतीला मोकळे राहतात. तो कायम ताठ हवा. अमेरिकेच्या बांधकाम-सुरक्षा नियमांत अशा दोरावर २ फुटांपेक्षा जास्त पडणं मान्य नाही. ढिला सोडलेला दोर, कितीही महाग असला तरी, कुचकामी.

म्हणूनच सगळा भार दोर आवळणाऱ्या-सोडणाऱ्या भागावर, म्हणजे अॅडजस्टरवर. वर जाताना बुंधा बारीक होतो, फांदी आडवी येते, आणि दर वेळी दोर एका हातानं आवळावा किंवा सोडावा लागतो. सर्वांत जुना आणि स्वस्त उपाय म्हणजे घर्षणगाठ. ऑस्ट्रियाच्या कार्ल प्रुसिकनं १९३१ साली मांडलेली गाठ आजही तिच्या अनेक भावंडांसह वापरात आहे. मात्र साधी प्रुसिक वजनाखाली अशी आवळते की ती सोडवताना नाकी नऊ येतात. शिवाय दोर ओला किंवा चिकानं माखलेला असला तर तिची पकड बदलते. यांत्रिक अॅडजस्टर भार असतानाही सहज सुटतो, पण त्याला नेमून दिलेल्या जाडीचाच दोर लागतो. बाजारातून जरा बारीक दोर आणून त्यात घालणं म्हणजे आपण होऊन ब्रेक काढण्यासारखं आहे. रोजचं काम असेल तर मी यांत्रिकच घेईन. गाठ निवडली तर ती घसरताना घर्षणानं तापते, म्हणून तिची दोरी उष्णता सोसणारी हवी. पॉलिएस्टर साधारण २५० अंश सेल्सिअसला वितळतं, डायनीमासारखं पॉलिइथिलीन १५०च्या आसपासच. अॅरामिड वितळत नाही, करपतं.

लांबीचा हिशेब सोपा. १ मीटर जाडीच्या वर्षावृक्षाला मागून वळसा घालून कमरेच्या दोन्ही कड्यांपर्यंत यायला सुमारे ३ मीटर दोर लागतो. २ मीटरचा अपुरा पडतो. माडाची गोष्ट निराळी. त्याला फांदी नाही, त्यामुळे पाय निसटला तर नुसता वळसा घातलेला दोर माणसासकट खाली घसरतो. तिथे खोडाभोवती एक वेढा जादा घ्यावा, म्हणजे भार आला की दोर खोडाला आवळतो. ३० सेंटिमीटर जाडीच्या माडाला त्यासाठी जवळपास ९५ सेंटिमीटर दोर अधिक लागेल. नारळ विकास मंडळानं २०११पासून माडावर चढायच्या यंत्राचं प्रशिक्षण दिलं. त्या यंत्रानं पायांची सोय झाली; पण गोव्यातल्या पाडेलीला, म्हणजे नारळ पाडणाऱ्याला, शेंड्याशी पोचून कोयता चालवताना कंबर धरणारं काहीतरी लागतंच.

पोलादी गाभ्याच्या दोराबद्दल दोन शब्द. हातकरवतीच्या चुकार वाराला तो फारशी दाद देत नाही, पण चेनसॉ त्यालाही कापते, आणि पोलादातून वीज वाहते. विजेच्या तारा फांद्यांतून गेलेल्या आपल्या रस्त्यांवर हा दुसरा दोष मला जास्त भारी वाटतो. चेनसॉ चालवायची तर लॅनयार्डखेरीज चढाईचा मुख्य दोरही वर वेगळा बांधलेला हवा, मग कमरेचा दोर कोणत्याही जातीचा असो.