थकलेलीं विवरणपत्रें आणि भाड्याचें घर

‘घर पाहावें बांधून’ ही म्हण आपण सर्वांनीं ऐकलेली आहे. परंतु बांधलेलें घर भाड्यानें दिल्यावर त्याचा हिशेब सरकारास द्यावा लागतो, हें पुष्कळांस तीनचार वर्षें लोटल्यावरच आठवतें.

माझ्या परिचयाचे एक निवृत्त शिक्षक आहेत. पुण्यांतील आपली सदनिका त्यांनीं एप्रिल २०२२ पासून दरमहा वीस हजार रुपये भाड्यानें दिली. निवृत्तिवेतनांतून कर परस्पर कापला जातो, तेव्हां आपलें कर्तव्य संपलें, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. पुढें नवा भाडेकरू आला. कचेरींत घरभाड्याची सवलत मागतांना, वर्षाचें भाडें एक लाखावर असल्यास, घरमालकाचा पॅन क्रमांक द्यावा लागतो. तो त्यानें मागितला, आणि गुरुजींची झोप उडाली. कपाटांतील कागदांना हात लावण्याचें धैर्यही त्यांस होईना.

पहिली गोष्ट ही कीं, सगळ्या भाड्यावर कर नसतो. वर्षाचें भाडें २,४०,००० रुपये. मालकानें त्या वर्षीं स्वतः भरलेली घरपट्टी १०,००० रुपये वजा केली, म्हणजे राहिले २,३०,०००. यांतून तीस टक्के, म्हणजे ६९,००० रुपये, सरसकट वजा होतात. त्यासाठीं पावत्या लागत नाहींत, आणि म्हणूनच रंगकाम किंवा नळदुरुस्ती यांचा खर्च निराळा मागतां येत नाहीं. उरले १,६१,०००. घरासाठीं कर्ज असेल तर त्याचें व्याजही वजा होतें. घर दोघांच्या नांवें असून हिस्से ठरलेले असतील, तर ज्याचा त्याचा हिशेब वेगळा.

आतां उशिराचें मोल पाहूं. थकलेल्या करावर दर महिन्यास एक टक्का व्याज चढतें, आणि महिन्याचा एक दिवसही पूर्ण महिना धरला जातो. विलंबाचें शुल्क ५,००० रुपये. एकूण उत्पन्न पांच लाखांच्या आंत असल्यास १,०००. शिवाय नेहमीची मुदत टळली म्हणजे ‘अद्ययावत विवरणपत्र’ भरावें लागतें. ही सोय २०२२ सालीं निघाली. तेव्हां तिची मुदत २४ महिने होती, ती २०२५ सालीं ४८ महिने झाली. हे महिने करनिर्धारण वर्ष संपल्यापासून मोजावयाचे.

गुरुजींचें २०२२-२३ चें उत्पन्न घ्या. त्याचें करनिर्धारण वर्ष ३१ मार्च २०२४ रोजीं संपलें. कर आणि व्याज मिळून जी रक्कम होईल तिच्यावर ३१ मार्च २०२५ पर्यंत २५ टक्के अधिक कर होता. ३१ मार्च २०२६ पर्यंत ५०, २०२७ पर्यंत ६०, आणि ३१ मार्च २०२८ पर्यंत ७० टक्के. ही रक्कम ४०,००० रुपये धरली, तर अधिक कर अनुक्रमें १०,०००, २०,०००, २४,००० आणि २८,००० रुपये होतो. व्याज वाढतच असतें, तें निराळें. चौथ्या पायरीनंतर हें दार बंद होतें.

म्हणून प्रत्येक वर्षाचा स्वतंत्र कागद करावा. सर्व वर्षांचे पैसे एकदम जमत नसतील, तर येत्या ३१ मार्चला ज्याचें दार बंद होणार तें वर्ष आधीं भरावें. त्यानंतर पंचवीसावरून पन्नासावर चढणारें, कारण सर्वांत उंच पायरी तीच. मधलीं वर्षें मग घ्यावीं. कर आधीं भरून त्याचें चलन विवरणपत्रांत दाखवावें लागतें. निवृत्तिवेतनांतून कापलेला कर अर्थातच वजा मिळतो.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. २०२३-२४ च्या उत्पन्नापासून नवी करपद्धति आपोआप लागू होते, आणि पगारदार किंवा निवृत्तिवेतनधारकास जुनी हवी असल्यास ती वेळेवरच्या विवरणपत्रांत निवडावी लागते. ज्यास उशीर झाला त्याची ती संधि गेली. नव्या पद्धतींत कर्जाचें व्याज भाड्याहून अधिक झालें, तरी तो तोटा निवृत्तिवेतनांतून वजा होत नाहीं. दुसरी गोष्ट, अद्ययावत विवरणपत्र परतावा मिळविण्यासाठीं किंवा कर कमी करण्यासाठीं भरतां येत नाहीं. २०२५ चा नवा कायदा १ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नास आहे. मागील वर्षें १९६१ च्या कायद्यानेंच मोजावयाचीं. नोटीस हातीं पडली असेल, तर मात्र आधीं जाणत्या सल्लागारास गांठावें.

गुरुजींनीं अखेर कपाट उघडलें. भाडेकरार, बँकेचीं पुस्तकें, घरपट्टीच्या पावत्या आणि खात्याच्या संकेतस्थळावरील वार्षिक माहितीपत्रक यांवरून दोन संध्याकाळींत सारीं वर्षें मांडून झालीं. रक्कम थोडी नव्हती. पण मनांत धरली होती तिच्या निम्मीही निघाली नाहीं. “मुलांना उशिराबद्दल दंड करतांना कधीं कांहीं वाटलें नाहीं,” ते हंसून म्हणाले, “आतां स्वतःची वही तपासून घेतों.” आपल्याही कपाटांत अशी एखादी वही असेल, तर ती येत्या मार्चपूर्वीं उघडावी, एवढीच विनंति.