छंदाचे मासिक आणि जाहिरात

एखाद्या छंदाला वाहिलेल्या मासिकात दोन प्रकारचा मजकूर असतो. एक संपादकाने मिळविलेला, दुसरा पैसे घेऊन छापलेला. कागद, छपाई व टपालहशील यांचा खर्च वर्गणीतून सहसा भागत नाही; उरलेला भार जाहिरातदार उचलतो. यात गैर काहीच नाही. जाहिराती नसत्या, तर पुष्कळ मासिके वर्षभरातच बंद पडली असती. परंतु जो भार उचलतो त्याची मर्जी राखण्याचा मोह संपादकाला होतो. तो मोह मजकुरात कसा उतरतो, हे वाचकाने जाणणे अगत्याचे आहे.

पक्षिनिरीक्षणाचेच उदाहरण घ्या. आपल्या भंडारा जिल्ह्यात मालगुजारांच्या काळचे शेकडो तलाव आहेत. अशा तलावांच्या काठी किंवा धानाच्या बांध्यांत सारसांची जोडी क्वचित दृष्टीस पडते. महाराष्ट्रात हा पक्षी आता मुख्यत्वे गोंदिया-भंडारा या भागातच उरला आहे. त्याला पाहावयास काय लागते? पहाटे उठणे, पावलांचा आवाज न करता चालणे आणि टिपणासाठी एक वही. दुर्बीण असल्यास उत्तमच.

आता अशा छंदाच्या मासिकाचा एक अंक कल्पनेने डोळ्यांपुढे आणा. दुर्बिणींवर चार पाने आहेत व शेजारच्याच पानावर दुर्बिणीची जाहिरात आहे. टिपणवही कशी ठेवावी, यावर मात्र एक ओळही नाही. कारण वहीच्या टिपणांची जाहिरात देणारा कोणी नसतो. संपादकाने खोटे लिहिले असे नव्हे. दुर्बिणीचे सांगितलेले गुण खरे असतील. केवळ तिचे दोष सांगावयाचे राहून जातात. छापलेले दिसते, गाळलेले दिसत नाही. असा अंक वाचून एखादा गरीब मुलगा समजतो की, दुर्बिणीवाचून हा छंद आपल्याला साधणार नाही, आणि तलाव घराजवळ असूनही तो तिकडे फिरकत नाही.

याच्या उलट घडलेली एक गोष्ट मराठीतच आहे. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात लोखंडी नांगर तयार होत. लोखंडाने जमीन नासते, अशी त्या काळी अनेक शेतकऱ्यांची समजूत होती. तेव्हा माल खपविण्यासाठी लोकांना समजावून सांगणे भागच होते. 1920 मध्ये शंकरराव किर्लोस्कर यांच्या संपादकत्वाखाली ‘किर्लोस्कर खबर’ निघाली, ती कारखान्याच्या प्रसिद्धीसाठी. हे कोणापासून लपविलेले नव्हते. कारखान्याचे नावच मासिकाच्या माथ्यावर होते. पुढे त्यात साहित्य आले, समाजसुधारणेचे विचार आले. 1930 मध्ये ‘स्त्री’ व 1934 मध्ये ‘मनोहर’ ही भावंडे निघाली. नांगराच्या प्रसिद्धीसाठी जन्मलेले पत्र घरोघर वाचले जाऊ लागले, ते नांगरासाठी नव्हे.

दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींना आळा घालण्याची तरतूद 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आहे. मात्र कायदा खोटे विधान पकडू शकतो; न लिहिलेला लेख त्याला कसा सापडावा? ते काम वाचकाचेच. आपल्या आवडत्या मासिकाचे मागील सहा अंक वाचनालयातून आणावेत. जाहिरातीतील वस्तूंची यादी करावी आणि त्यांपैकी एखादीचा दोष लेखात कोठे सांगितला आहे काय, ते शोधावे. तसा एक जरी परिच्छेद सापडला, तरी त्या संपादकाचा पुढचा अंक खुशाल मागवावा.